घर विकण्याआधी कशावर खर्च केलात? अनुभव सांगा

डोंबिवलीतला जुना वन बीएचके विकायला काढतोय. एजंट म्हणतो, "साहेब, किचन नवं करा, भाव चढेल." बायको म्हणते, रंगसुद्धा नको. ज्यांनी घर विकलंय त्यांनी सांगा, कुठला पैसा वसूल झाला आणि कुठला पाण्यात गेला?

कोथरूडकर : किचनला हात लावू नका! आमच्याकडे बघायला आलेल्या काकूंनी आधी शेगडीचं तोंड कुठल्या दिशेला ते विचारलं, मग ओट्याची उंची कमरेशी जोखली आणि आमच्यादेखत नवऱ्याला म्हणाल्या, "हा तोडूनच घेऊ." ओटा कडप्प्याचा होता म्हणून काही वाटलं नाही. बोलणी शेवटपर्यंत स्क्वेअर फुटाच्या रेटवरच झाली.

घोडबंदर रोड : ओल असेल तर पैसा तिथेच घाला. आमच्या बेडरूमच्या छताला वरच्या बाथरूममुळे मोठा डाग पडला होता. एजंटचा सल्ला : पुट्टी मारा, रंग द्या, पावसाळ्याआधी उरकून टाका. आम्ही ऐकलं नाही. वरच्यांशी थोडी वादावादी झाली, पण त्यांनी लाद्या उखडून नहाणी ट्रॅप बदलला, वॉटरप्रूफिंग केलं आणि पाणी तुंबवून खात्री केली. छत पूर्ण वाळल्यावरच आम्ही रंगारी बोलावला. घेणाऱ्याचे वडील बोटाच्या पेराने भिंती वाजवत फिरले, स्टुलावर चढून छतालाही हात लावला. नंतर घासाघीस झाली ती फक्त पार्किंगवरून.

सावंतवाडी : गावच्या घराचं सांगतो. फुटकी कौलं बदलली, वाशांना वाळवीचं औषध मारलं, विहीर उपसली. सिमेंटचं अंगण करा असं सगळे सांगत होते, ते नाही केलं. मुंबईच्या गिऱ्हाइकाला शेणाने सारवलेलं खळंच जास्त आवडलं, काय बोलणार!

न्यू जर्सीहून : इथे सजावटीपेक्षा तपासणीची धास्ती. जुनं घर असेल तर घेणारे अंगणात घर तापवायच्या तेलाची पुरलेली टाकी आहे का ते शोधायला माणूस आणतात. टाकी गळकी निघाली तर माती साफ करण्याचा खर्च डोळे पांढरे करतो. आमची आम्ही आधीच रीतसर काढून कागद फाइलला लावले होते. शिवाय धुराचे आणि कार्बन मोनॉक्साइडचे अलार्म आणि स्वयंपाकघराजवळ अग्निशामक हवाच. त्याचा दाखला लागतो.

पिंपरीचा : बाल्कनी आत घेतली असेल तर मंजूर नकाशा काढून बघा. घेणाऱ्याच्या बँकेचा माणूस मोजायला येतो तेव्हा तो नकाशाच समोर धरतो. आमचा व्यवहार तिथेच अडकला होता. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर अजून आजोबांचं नाव असेल तर रंगाआधी ते काम.

हिशेबनीस : बिलं फेकू नका. साधा रंग, किरकोळ डागडुजी भांडवली नफ्यातून, म्हणजे घर विकून झालेल्या नफ्यातून, वजा होत नाही. एखादी खोली वाढवण्यासारखी भांडवली सुधारणा घराच्या किमतीत धरता येते. एजंटचं कमिशनही वजा होतं. घर 23 जुलै 2024 च्या आधी घेतलेलं असेल आणि तुम्ही करासाठी भारताचे निवासी असाल तर महागाई निर्देशांक धरून 20 टक्के किंवा न धरता 12.5 टक्के, यातला ज्यात कर कमी बसेल तो हिशेब चालतो.

कोथरूडकर : रंग मात्र द्या हो. पांढराच. आणि गळके नळ, मोडक्या कड्या, करकरणारा सेफ्टी डोअर. किरकोळ पैशात होतं.

घोडबंदर रोड : पांढऱ्यावर डाग लगेच दिसतात, आम्ही फिकट बदामी दिला.