अपभ्रंश म्हणावं की तद्भव?

‘हात’ हा ‘हस्त’चा अपभ्रंश, असं आपण सहज म्हणतो. मग तद्भव कशाला म्हणायचं? दोन्ही एकच का?

— शब्द तोच, पण त्याच्याकडे बघायची नजर वेगळी. तद्भव म्हणजे ‘त्यापासून झालेला’. इथे ‘तत्’ म्हणजे संस्कृत. अपभ्रंशातला ‘भ्रंश’ म्हणजे घसरणं, आणि ‘भ्रष्ट’ही त्याच धातूचा. म्हणजे हात हा बिघडलेला हस्त ठरतो. मला हे मुळीच पटत नाही. हस्त–हत्थ–हात, कर्ण–कण्ण–कान, सप्त–सत्त–सात, कर्म–कम्म–काम हे मोठ्याने म्हणून पाहा. प्राकृतात जोडाक्षरातली दोन वेगळी व्यंजनं एकसारखी झाली. मराठीत येताना त्यातलं एक गळलं आणि आधीचा स्वर लांबला. इतके शब्द एकाच वाटेने चालत आले असतील, तर त्याला चूक कसं म्हणायचं? तो नियमच झाला.

— पण ‘अपभ्रंश’ तर संस्कृत व्याकरणकार पतंजलीनेच वापरलाय ना?

— वापरलाय. ‘गौः’ (गाय) या एका शब्दाचे गावी, गोणी, गोता, गोपोतलिका असे अपभ्रंश त्याने दिलेत. त्याला साधू, म्हणजे शुद्ध, शब्द कोणते ते सांगायचं होतं, त्यामुळे त्याच्या जागी ते बरोबरच. पुढे हेच नाव प्राकृतानंतरच्या भाषेला मिळालं आणि १२व्या शतकात हेमचंद्र या जैन पंडिताने तिचं व्याकरणही दिलं. तेव्हा भाषेचं नाव म्हणून ‘अपभ्रंश’ जरूर वापरा. हात, कान यांना मात्र तद्भवच म्हणा.

आणखी एक. तद्भव आला म्हणून तत्सम, म्हणजे जसाच्या तसा घेतलेला संस्कृत शब्द, निघून जातो असं नाही. ‘गर्भ’ राहिला आणि ‘गाभ’ही राहिला, पण दोघांनी कामं वाटून घेतली. बाई गर्भवती, म्हैस गाभण. त्यातूनच ‘गाभा’ झाला आणि तो झाडापासून थेट विषयाच्या गाभ्यापर्यंत पोचला. तिथे ‘गर्भ’ ठेवून बघा, जमतच नाही.

— मग ‘स्टेशन’चं ‘टेशन’? तो तरी अपभ्रंश?

— त्यालाही हसू नका. शब्दाच्या तोंडाशी जोडाक्षर आलं की त्यातला ‘स’ सोडायची आपल्या जिभेची सवय फार जुनी आहे. ‘स्कंध’चा खांदा झाला, ‘स्थान’चं ठाण झालं. आज आपण ठाण मांडून बसतो, तेव्हा ‘स’ गळलाय हे कुणाच्या ध्यानातही येत नाही.