ग्रीकच्या चतुर्थीचं सुतक पाळणाऱ्यांसाठी

पाणिनीचा_पुतण्या: काल इथे 'गीर्वाण' यांनी लिहिलं की आजची ग्रीक म्हणजे बिघडलेली ग्रीक, पाच विभक्त्यांतली चतुर्थी ('कुणाला दिलं' सांगणारी) घालवून बसले, संस्कृतने बघा आठच्या आठ विभक्त्या सांभाळल्या. अहो, प्लेटोच्या ग्रीकमध्ये तरी आठ कुठे होत्या? तृतीया-सप्तमीचं काम चतुर्थीच करायची आणि पंचमीचं षष्ठी. मग प्लेटोपण बिघडलेलाच का?

गीर्वाण: भाषा झिजली हे फॅक्ट आहे, चिडायचं काय त्यात? संस्कृतला पैकीच्या पैकी होते मला.

बोटीवरचा_बाप्या: आले मार्क! अथेन्सच्या पिरेअस बंदरात उतरलो की ज्याच्या त्याच्या तोंडी 'एंदाक्सी', म्हणजे ओके. ती चतुर्थीच आहे राव. टक्के सांगतानाचं 'तिस एकातो', तीपण चतुर्थीच. मेलेली बरीच बडबडते.

थेसालोनिकीची_सून: ती गेल्यावर तिचं काम कोण करतं ते विचारा ना! 'तुला देते' म्हणायला अथेन्सवाले षष्ठी लावतात, 'सू दीनो', आमच्याकडे उत्तरेत थेसालोनिकीला द्वितीया, 'से दीनो'. नणंद अथेन्सला असते, दर ईस्टरला जेवताना मी 'ना से पो', तुला सांगते, असं म्हटलं की ही खुदकन हसणार, जशी काही मी खेड्यातून आलेय, आणि मग सासरे भडकतात, नवरा ताटात बघत बसतो.

गीर्वाण: पण प्रमाण षष्ठीच ना? शाळेत तेच शिकवतात.

थेसालोनिकीची_सून: प्रमाण! पुण्याचे का हो तुम्ही?

गीर्वाण: पुण्याचा इथे काय संबंध??

पाणिनीचा_पुतण्या: ताईंचं बरोबर आहे. आपण 'रामाला मारलं' आणि 'रामाला दिलं' दोन्हीकडे 'ला'च लावतो की. म्हणजे अख्खा महाराष्ट्र थेसालोनिकीचाच.

गीर्वाण: मराठी मध्ये आणू नका. 1976 पर्यंत काथारेवुसा, म्हणजे जुन्या वळणाची 'शुद्ध' ग्रीक, सरकारी भाषा होती, तोवर शिस्त होती.

बोटीवरचा_बाप्या: हो ना, 1967 ते 74 लष्करशहांना फारच आवडायची ती शिस्त.

गीर्वाण: लागलीच राजकारण! बरं, चतुर्थी थोडीफार जिवंत आहे, घ्या, खूश? पण 'कोता' म्हणजे कोंबडी, तिची षष्ठी अनेकवचनी करताना ग्रीक माणूसच अडखळतो, त्याचं काय?

थेसालोनिकीची_सून: अडखळतात खरे. पण मी दुकानात 'अंडी द्या' एवढंच म्हणते, कोंबड्यांची का कुणाची ते त्याला ठाऊक असतं.