मझल एनर्जी आणि जनावर थांबणं
मझल एनर्जी, म्हणजे नळीतून सुटताना गोळीत असलेली ऊर्जा, जास्त तर शिकारीत जनावर जागेवर पडणार, हे दादा मला नाही पटत. वेग दुप्पट झाला की एनर्जी चौपट पण वजन दुप्पट केलं तर फक्त दुप्पट, म्हणून हलकी वेगवान गोळी कागदावर भारी दिसते आणि खांद्याच्या हाडावर फुटली तर आत पोचतच नाही. गोळी कुठे लागते ते महत्त्वाचं. आफ्रिकेत बेल नावाच्या जुन्या शिकाऱ्याने ७ एमएमच्या लहान रायफलने शेकडो हत्ती पाडले, सॉलिड म्हणजे न फुटणारी गोळी, थेट मेंदूत. आमच्या कुडाळकडे शेतीसंरक्षणाची बारा बोअर बंदूक बाळगणारी जुनी माणसं हेच सांगायची, डुक्कर पोटात लागलं तर गडगा ओलांडून जातं आणि मग माग काढणाऱ्यावरच उलटतं. पण चालून येणारी आफ्रिकन म्हैस थांबवायची तर .४७० नायट्रो या मोठ्या रायफलीच्या काडतुसासारखी ५०० ग्रेनची (सुमारे ३२ ग्रॅम) जड गोळीच हवी.