नळाला पाणी आठ दिवसाला, घरात सगळ्यांना जुलाब. कमी पाण्यात स्वच्छता कशी ठेवायची?

लातूरची_सून:
आमच्याकडं नळाला आठ-दहा दिवसाला पाणी येतंय, तेपण तासभर. दोन ड्रम, रांजण, हंडे-कळशा सगळं भरून ठेवावं लागतं. मागच्या आठवड्यात आधी धाकटं लेकरू, मग मोठी, मग सासूबाई, पाळीपाळीनं सगळ्यांना जुलाब-उलट्या. डॉक्टर म्हणले हात धुवा, पाणी उकळा. धुवा म्हणायला काय जातंय, दरवेळी नळ सोडला तर चार दिवसात ड्रम खडखडाट! पाण्यात तुरटी फिरवते, सॅनिटायझर आणून ठेवलंय, तरी असं काहून झालं? तुम्ही लोक कसं करायलात?

नांदेडची_सिस्टर:
ताई, तुरटीनं गाळ खाली बसतो, जंतू मरत नाहीत. वरचं नितळ पाणी काढून गाळा अन् मग उकळा, नाहीतर क्लोरीनची गोळी टाकून अर्धा तास झाकून ठेवा (किती लिटरला एक ते पाकिटावर असतंय). गढूळ पाण्यात टाकली तर गोळी गाळातच खर्ची पडते. सॅनिटायझरचं म्हणाल तर जुलाब-उलट्यांच्या काही विषाणूंवर ते नीट चालत नाही, मळक्या हातावर तर नाहीच. साबणच लागतो. पाणी मात्र तांब्याभरसुद्धा लागत नाही बगा, हात ओले केले की पाणी बंद, वीस सेकंद नुसतं चोळायचं, बेचक्या, नखं, अंगठा, अन् शेवटी थोडं पाणी ओतायचं. संडासहून आल्यावर, लेकराचं धुतल्यावर अन् भाकरी थापायच्या आधी एवढं तरी चुकवू नका.

परभणीकर:
सिस्टर बरोबर बोलल्या पण एक विचारतो, रांजणात तांब्या कोण कोण बुडवतंय? आमच्या घरी तांब्या जमिनीवर ठेवायचा, बुडाला माती, लेकरं बोटं आत घालून उचलणार, अन् तोच परत पाण्यात. मग उकळून काय उपयोग! लांब दांड्याचं ओगराळं आणलं, खिळ्याला टांगलं, तांब्या रांजणाजवळ फिरकायलाच बंदी. आठवडाभर सगळे माझ्यावर चिडले.

बीडचा_पोरगा:
२०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हा मी तिथं रूम करून शिकायला होतो. भरलेला ड्रम रिकामा करा म्हणलं की आजपण जीवावर येतं, पण डेंग्यूच्या डासाला अंड्यातून बाहेर पडून उडायला आठ-दहा दिवसच लागतात, म्हणजे तुमच्या नळाच्या पाळीएवढेच! अंडी ड्रमच्या आतल्या कडेला चिकटून राहतात, सुकली तरी महिनोन् महिने टिकतात. म्हणून पाणी यायच्या आदल्या दिवशी तळातलं राहिलेलं संडासात वापरून टाका, कडा घासणीनं खरडून काढा, अन् भरल्यावर फडकं ताणून बांधा.

लातूरची_सून:
परभणीकर दादा, तुमचं वाचून रांजणापाशी जाऊन बगितलं. तांब्या खाली फरशीवर, शेजारी धाकट्याची चप्पल 🙈 सासूबाई म्हणायल्यात आमची हयात गेली तांब्यानं पाणी पिण्यात. सिस्टर, धाकट्याचे जुलाब अजून पूर्ण थांबले नाहीत, ओआरएसची पाकिटं संपली तर?

नांदेडची_सिस्टर:
एक लिटर उकळून गार केलेलं पाणी, साखर सहा सपाट चमचे, मीठ अर्धा चमचा, चहाचा चमचा बरं का. मीठ अंदाजानं टाकू नका. घोट घोट पाजा. लघवी कमी झाली, डोळे खोल गेले किंवा शौचातून रक्त गेलं तर वाट न बघता दवाखान्यात न्या. अन् सासूबाईंना ओगराळं पितळेचं आणा, स्टीलचं नको, मग वापरतील.