इंग्रजी ओटोमे गेमची वाट बघणाऱ्यांच्या रांगेत मीही!
कोणीतरी विचारलंय, ‘ओटोमे गेम (म्हणजे नायिका होऊन खेळायची जपानी प्रेमकथा) इंग्रजीत आला की एवढं नाचायचं काय?’ अहो, आम्ही किती थांबलोय! ‘अँजेलिक’ जपानमध्ये १९९४ साली आला, तोही निन्टेन्डोच्या सुपर फॅमिकॉम या गेम-यंत्रावर. ‘हाकुओकी’ तिकडे २००८चा, आणि पीएसपीवर (सोनीचं हातात धरून खेळायचं यंत्र) इंग्रजीत मिळाला थेट २०१२ मध्ये. वडिलांना शोधायला पुरुषवेषात क्योटोला आलेली चिझुरू आणि शिन्सेनगुमी या तिथल्या दलाचे तलवारबाज! त्यांच्यातला हिजिकाता हा खराखुरा इतिहासातला माणूस, १८६९ मध्ये हाकोदातेच्या लढाईत मारला गेला. हे ठाऊक असूनही त्याचा रूट (म्हणजे त्या नायकासोबतचा कथेचा फाटा) खेळताना मी ढसाढसा रडले. (शेजारच्या खोलीतून आईने विचारलं, कोण गेलं?)

आवाज मूळ जपानीच ठेवतात ते उत्तमच. पण भाषांतरात एक गोष्ट हमखास निसटते. जपानीत नायक आडनावाला ‘सान’ (आपल्या ‘जी’सारखं) लावून बोलत असतो आणि एका प्रसंगात अचानक नुसत्या नावाने हाक मारतो, तिथे काळजाचा ठोका चुकायला हवा. इंग्रजीत सगळ्यांना एकच ‘यू’! मराठीत झालं असतं तर ‘तुम्ही’वरून ‘तू’वर येणं, बस्स, दुसरं काही लागलंच नसतं.

नवख्यांनी निन्टेन्डो स्विच या गेम-यंत्रावरच्या ‘कॉलर एक्स मॅलिस’पासून सुरुवात करावी. नायिका पोलीस, गळ्यात विषाचा पट्टा, टोकियोच्या शिन्जुकू भागात गुन्हे. प्रेम जरा उशिराच येतं. नायकांपैकी यानागीचा रूट मात्र शेवटी ठेवा, आधी उघडतच नाही म्हणा!