‘सोलर हीटर बाद झाला’ म्हणणाऱ्या इंजिनियर साहेबांना

बांधकामग्रस्त सातारकर:
परवा एका साहेबांनी पोस्ट टाकली की आजच्या काळात नव्या बंगल्यावर सोलर वॉटर हीटर बसवणारा माणूस म्हणजे नव्या घरात लँडलाइन घेणारा माणूस, गच्चीवर सरळ ३ किलोवॅटचे पॅनल टाका, केंद्राच्या सूर्यघर योजनेची ७८ हजार सबसिडी घ्या, प्रत्येक बाथरूमला गिझर लावा आणि विषय संपवा. खाली सगळे ‘अगदी बरोबर सर’. दोन दिवस गप्प बसलो, आता राहवत नाही. आमचा वरचा स्लॅब दिवाळीआधी झाला, सोमवारी प्लंबर पाइपसाठी भिंतीत झिऱ्या मारायला येतोय, एकदा गिलावा झाला की पाइप जिथे आहे तिथेच, त्यामुळे माझ्यासाठी हा टाइमपासचा विषय नाही.

घरात सहा माणसं. रोजचं दीडशे लिटर पाणी २० डिग्रीवरून ६० वर न्यायचं म्हणजे ७ युनिट वीज. साहेबांचा हिशोब असा की उन्हाची वीज करायची, ती ग्रीडला द्यायची, पहाटे परत मागून घ्यायची आणि तिच्यावर पाणी तापवायचं. अहो मग पाणीच उन्हात ठेवा की! पॅनल उन्हाचा जेमतेम पाचवा हिस्सा पकडतं, सोलर हीटर अर्ध्याहून जास्त. आणि लाइट गेली की तुमचे ऑन-ग्रीड, म्हणजे ग्रीडला जोडलेले पॅनल भर दुपारी पण बंद पडतात, ते का नाही लिहिलं? आमच्याकडे थंडीत नेमकी सकाळीच लाइट जाते. टाकीतलं पाणी काही वायरमनला विचारून गरम राहत नाही.

पॅनलवाला नाशिककर:
ते साहेब मीच.
पाणी उन्हात ठेवा, मान्य. जुलै-ऑगस्टमध्ये कुठे ठेवणार? तुमच्या साताऱ्यात पाऊस लागला की पंधरा पंधरा दिवस ऊन दिसत नाही, मग टाकीतली विजेची कॉइल चालू करणार, म्हणजे एकाच्या एका बादलीसाठी २०० लिटरची अख्खी टाकी तापवणार, गेले साडेसात युनिट. माझा १५ लिटरचा गिझर तेच काम पाऊण युनिटात, वीस मिनिटांत करतो. उलट एप्रिल-मेमध्ये तुमची टाकी गच्चीवर उकळत बसते, कुणी हात लावत नाही, माझे पॅनल तेव्हा एसी चालवतात. बोअरच्या पाण्याचं तर बोलूच नका. सासऱ्यांकडे तांब्याच्या नळ्यांचा फ्लॅट प्लेट सोलर हीटर होता, चार वर्षांत क्षारांनी असा गच्च झाला की कारागीर म्हणाला अ‍ॅसिड मारून बघू, मारलं, दोन ठिकाणी गळायला लागला. टाकी अजून गच्चीवर आहे, कबुतरं राहतात तिथे.
आणि गच्चीवरून खालच्या बाथरूमपर्यंत गरम पाणी यायच्या आधी दोन बादल्या गार पाणी सोडून द्यावं लागतं, ते कुठल्या खात्यात टाकता?

बांधकामग्रस्त सातारकर:
मी काचेच्या नळ्यांचा घेतोय. त्या चोंदत नाहीत, तळाशी चुना बसतो, वर्षातून एकदा काढून धुवायच्या. आणि गिझरच्या कॉइलला काय क्षार ओळख दाखवत नाहीत का? पावसाळ्याचं मात्र मान्य. लिहून घ्या, पुन्हा म्हणणार नाही.

पाचगणीवाला:
काचेच्या नळ्या घेताय तर आधी माकडांची परवानगी काढा. आमच्याकडे दोन वर्षांत अकरा फुटल्या. वर जाळी मारली तर तिच्यावर झोके घेतात.

पाइपमास्तर:
दोन बादल्या? कुठली बादली, चहाची का? पाऊण इंची सीपीव्हीसी (गरम पाण्याच्या प्लॅस्टिकच्या) पाइपमध्ये फुटाला ८० मिली पाणी मावतं. गच्चीपासून साठ फूट धरला तरी पावणेपाच लिटर. पाइप स्वतः तापायला अजून थोडं जातं, म्हणा सात-आठ लिटर. एखाद्याने एक इंची लाइन फिरवली असेल तर दीडपटीहून जास्त. चूक सोलरची नाही, प्लंबरची आहे, आणि त्याला ‘मोठा टाक, प्रेशर येईल’ सांगणाऱ्या मालकाची.

पॅनलवाला नाशिककर:
मी सासऱ्यांच्या घरी मोजलंय. बादली लावून.

पाइपमास्तर:
मग पाइप भिंतीतून गेलाय की नाशिक दर्शन करून आलाय ते पण बघा एकदा. लाइनला इन्सुलेशन केलंय का? नाही ना? मग.

शेवटचा नंबर:
सगळे युनिट मोजताय, लिटर मोजताय, नळाखाली कोण कधी जातं ते कुणीच मोजत नाहीये म्हणून लिहिते. लग्न होऊन आले तेव्हा सासरी नवाकोरा २०० लिटरचा सोलर, सगळ्यांना केवढं कौतुक. सासरे पाच वाजता, तीन बादल्या, मोजून. मग दीर शॉवरखाली गाणी म्हणत, मग मुलांच्या शाळा, मग नवरा, मग मावशी तुपाची कढई घासायला गरम पाणी लावणार. डबे भरून साडेनऊला मी आत जाते तेव्हा नळाला कोमट. कारण जेवढं गरम वरून काढलं तेवढं गार टाकीत खालून आलेलं असतं आणि सकाळी नऊचं ऊन ते काय तापवणार? ‘ऊन वर आलं की कर ना अंघोळ निवांत’ हे बारा वर्षं ऐकलं. नोकरी आहे हो मला. शेवटी माझ्या बाथरूममध्ये माझ्या पगारातून गिझर लावला, त्यावर ‘सोलर असताना?’ म्हणून दोन दिवस घरात अबोला होता. ते बटण दाबताना मला जे वाटतं ते तुमच्या कुणाच्याच एक्सेलमध्ये बसणार नाही.

पेन्शनर काका:
ताई, सासऱ्यांच्या अंघोळीचा हिशोब असा चारचौघांत मांडायची काय गरज होती? वय झालं की थंडीत सांधे धरतात. मलाही तीन बादल्या लागतात. शॉवरवाले दहा दहा मिनिटं धो धो सोडतात त्यांना कोणी विचारत नाही, म्हाताऱ्याच्या बादल्या मात्र दिसतात सगळ्यांना.

शेवटचा नंबर:
तीन घ्या काका, चार घ्या. फक्त एक दिवस सगळ्यांत शेवटी घेऊन बघा.

पेन्शनर काका:
हे जरा अती होतंय.

बंबवाले आबा:
हे सगळे लाड आहेत. आमच्या वाड्यात तांब्याचा बंब होता, तुरकाट्या टाका, नारळाच्या शेंड्या टाका, भुईमुगाची टरफलं टाका, काय पण चालायचं. वरून बादलीभर गार ओतलं की तोटीतून बादलीभर कडकडीत. दहा जणांच्या अंघोळी व्हायच्या, वीज नाही, सबसिडी नाही, मीटर नाही. त्या धुराच्या वासाची सर नाही तुमच्या काचेच्या नळ्यांना.

शेवटचा नंबर:
आणि तो पेटवायला पहाटे कोण उठायचं आबा?

बंबवाले आबा:
आई.
बरं, कळला टोमणा.

सिलिंडर झिंदाबाद:
एवढी डोकेफोड कशाला, गॅस गिझर लावा. १४.२ किलोच्या सिलिंडरमधून सगळे लॉस धरून १४५ युनिटांएवढी उष्णता मिळते. वीज ३०० युनिटांच्या वरच्या स्लॅबात गेली की तेवढ्याच विजेला किती पडतात ते आपलं बिल काढून बघा, सिलिंडर निम्म्यात येतो. शेवटच्या नंबरालाही पहिल्याइतकंच गरम.

पाचगणीवाला:
हा विषय मस्करीचा नाही. आमच्या चुलत बहिणीच्या बाथरूममध्येच आत बसवला होता, खिडकी थंडी वाजते म्हणून बंद. पंधरा मिनिटं झाली तरी बाहेर येईना म्हणून दार तोडलं, खाली पडलेली. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, रंग नसतो. वाचली, पण दोन दिवस आयसीयू. बसवणाऱ्याने एका शब्दाने सांगितलं नव्हतं की हा बाहेर, ड्राय बाल्कनीत लावायचा असतो.

सिलिंडर झिंदाबाद:
बाहेरच लावायचा, ते मी धरूनच चाललो होतो.

पाचगणीवाला:
धरून चालू नका. लिहीत जा.

हॉलंडचा पाव्हणा:
तुम्ही पाण्यावरून भांडताय, आम्हाला इथे अख्खं घर तापवायचं असतं. नेदरलँड्समध्ये १ जुलै २०१८ पासून नव्या घरांना गॅसचं कनेक्शनच मिळत नाही, त्यामुळे आमच्या घरी हीट पंप, फरशीखालून कोमट पाण्याच्या नळ्या आणि वापरायच्या पाण्याची २०० लिटरची टाकी, सगळं त्याच्यावरच. हवेतली उष्णता ओढून घेतो, त्यामुळे तुमच्या ७ युनिटांचं काम अडीचमध्ये होईल, आणि तुमच्याकडची हवा तर आमच्यापेक्षा कितीतरी गरम. पावसाळ्यातही चालतो. आठवड्यातून एकदा टाकी साठच्या वर नेतो, नाहीतर फुप्फुसाला धरणारे लिजिओनेलाचे जंतू वाढतात. तुमच्याकडे कोणी याचा विचार तरी करतं का?

पॅनलवाला नाशिककर:
पंप भारीच. कोटेशन आणलं होतं, घरच्यांना दाखवलं नाही, एवढंच सांगतो. पण माझ्या पॅनलवर तुमचा पंप लावला तर सोलर हीटरवाल्यांना बोलायला तोंड राहणार नाही.

बांधकामग्रस्त सातारकर:
आणि तो बिघडला की दुरुस्तीला हॉलंडहून माणूस येणार का? आमच्या तालुक्यात फ्रिजवाला शोधताना मारामार. सोलरला नळी फुटली तर मी स्वतः बदलतो. थंड पाण्याची टाकी उंचावर, हवेसाठी व्हेंट पाइप उघडा, बास, त्यात बिघडायला आहेच काय?

पाइपमास्तर:
व्हेंट पाइपचं नाव काढलंत म्हणून सांगतो, एका गिऱ्हाइकाने तो दिसायला वाईट म्हणून बूच मारलं होतं. पाणी उतरलं, हवा आत यायला जागा नाही, टाकी कोल्ड्रिंकच्या कॅनसारखी चेपली.

बांधकामग्रस्त सातारकर:
बायकोने हा सगळा प्रकार वाचला. वाचून एकच विचारलं, आपल्या नव्या घरात शेवटचा नंबर कोणाचा असेल? मी म्हटलं आईचा. म्हणाली, आणि आईंच्या नंतर? मी गप्प.
तर आता ठरलंय ते असं. २०० लिटरचा सोलर येणारच, त्यावर तडजोड नाही. पण मागच्या बाथरूमला २५ लिटरचा गिझर, आणि सोलरची लाइन त्या गिझरमधूनच फिरवायची, म्हणजे पाणी कोमट आलं तर गिझरला उरलेलंच तापवायचं, पावसाळ्यातही अख्खी टाकी पेटवायला नको. पाइप पाऊण इंचीच आणि त्यावर इन्सुलेशन, मास्तर. पॅनलचं पुढच्या वर्षी बघू, नाशिककरांनी लगेच पेढे वाटू नयेत.

पॅनलवाला नाशिककर:
पुढच्या वर्षी दक्षिणेची जागा तुमच्या टाकीने आधीच अडवलेली असेल, आणि तिची सावली पॅनलवर. गच्चीचा नकाशा पाठवा, सोमवारच्या आत. आणि पेढे नाही वाटत, अर्धेच जिंकलोय.

पेन्शनर काका:
आज मुद्दाम सगळ्यांच्या नंतर गेलो. कोमट होतं. टाकीचं काहीतरी बिघडलं असणार, कारागिराला बोलावलंय.