किरितिमातीला बोनफिश माशासाठी जाताना

प्रश्न : किरिबाती देशातील किरितिमाती बेटावर मासेमारीच्या लॉजमध्ये आठवडाभर राहण्याचा आमचा विचार आहे. होनोलुलूहून जाताना आरक्षणात कोणती काळजी घ्यावी?

उत्तर : तारखा नीट तपासा. दोन्हीकडची घड्याळे एकच वेळ दाखवतात, पण तारीख बदलणारी आंतरराष्ट्रीय वाररेषा मध्ये आल्याने १९९५ पासून तारखेत पूर्ण एका दिवसाचा फरक आहे; त्यामुळेच आमची पहिली रात्र चुकीच्या तारखेला नोंदली गेली होती. विमाने मोजकीच असल्याने परतीचे तिकीट बदलता येईल असेच घ्या.

दुसरे उत्तर : खाजणातल्या पांढऱ्या वाळूवर, गुडघाभर पाण्यात, माशाआधी त्याची सावली दिसते, म्हणून पोलराइज्ड गॉगल आणि जाड तळव्यांचे बूट हवेतच. प्रवाळाने झालेली जखम चिघळते. जंतुनाशक सोबत ठेवा. गळाची उलटी आकडी चपटी करून मासा पाण्यातच सोडा, ही कळकळीची विनंती.